भोंगाबाई आणि शेवटची खुर्ची

फोन आला तेव्हा भोंगाबाई जमिनीवर उताण्या पडल्या होत्या आणि त्यांच्या पोटावर इस्त्री होती.

इस्त्री थंड होती. शेजारी एक वकील तसाच पडला होता, त्याच्याही पोटावर इस्त्री. श्वास घेताना इस्त्री वर गेली पाहिजे, सोडताना सावकाश खाली आली पाहिजे, आणि ती खाली येईपर्यंत वकिलाने "माझ्या अशिलाचा या प्रकाराशी काडीचाही संबंध नाही" हे एका दमात म्हणायचं, असा तो धडा होता. वकिलाची इस्त्री थरथरत होती. बाईंची पाण्यावरच्या होडीसारखी डुलत होती.

बाईंनी पडल्या पडल्याच फोन घेतला. पलीकडे आवाज आणि उच्चार प्रशिक्षकांच्या संघटनेचे सचिव होते. आवाज लोण्यासारखा.

"बाई, कार्यकारिणीने एकमताने ठरवलंय. यंदाचं मानद सदस्यत्व तुम्हाला."

"कुणाला?"

"तुम्हाला."

"म्हणजे लाँड्रीवरच्या क्लासवाल्या बाईला?"

"आता दुसरी कुठली बाई शोधू मी?" सचिव म्हणाले.

बाई उठून बसल्या. इस्त्री धाडकन जमिनीवर आदळली. खालून लाँड्रीवाल्याने नेहमीप्रमाणे काठीने छत ठोकलं. आणि मग बाईंनी जी आरोळी ठोकली, ती ऐकून वकील न्यायाधीश आत आल्यासारखा ताडकन उभा राहिला.

भोंगा हे नाव त्यांना थोरल्या भावाने दिलं होतं. बाई तेव्हा पाळण्यात होत्या आणि दोन घरं पलीकडच्या लोकांनाही त्यांची भुकेची वेळ पाठ झाली होती. पुढे नावाला साजेशी नोकरी मिळाली. बसच्या डेपोत गाड्या पुकारायची. डेपोचा कर्णा महिन्यातून दहा वेळा बिघडायचा. बाई कधी बिघडल्या नाहीत. मग एक दिवस यंत्रात भरलेला कुणा मंजुळ बाईचा आवाज आला आणि यांची नोकरी गेली. शेवटच्या दिवशी एका प्रवासी शिक्षिकेने विचारलं, "दिवसभर ओरडून तुमचा घसा बसत कसा नाही हो?"

बाईंना उत्तर माहीत नव्हतं. त्या घरी आल्या, जमिनीवर पडल्या, हाताशी आलं ते पोटावर ठेवलं आणि आपलाच श्वास बघत राहिल्या. हाताशी इस्त्री आली. दुसऱ्या दिवशी ती शिक्षिका शिकायला आली. तीही आडवी पडली.

तेव्हापासून हा क्लास. खोली लाँड्रीच्या वर, कारण तिथे दुसरं कुणी राहायला तयार नव्हतं. फळ्यांच्या फटींतून दिवसभर वाफ वर यायची. बाईंनी लगेच जाहीर केलं की वाफ ही आपलीच पद्धत आहे. भिंतीवर मोठ्या अक्षरांत त्यांचा एकच नियम लिहिलेला होता. दुःखात रडा, रागात भांडा, पण आनंदात ओरडू नका. "घसे आनंदात बसतात," त्या शिकवायच्या. "रागातला माणूस श्वास घेतो. आनंदातला विसरतो."

संघटनेची दारं मात्र त्यांना बंद होती. पदविका लागते, ती यांच्याकडे नव्हती. दोनदा अर्ज केला, दोनदा गोड नकार आला. मग बाई म्हणू लागल्या, "संघटना कसली! चार घसे एकत्र बसून चहा पितात." पण वार्षिक सभेच्या दिवशी नेमकी त्या सभागृहाच्या गल्लीतच त्यांना भाजी चांगली मिळायची. पिशवी भरली तरी त्या खिडकीखालून हलायच्या नाहीत.

त्यामुळे फोनवर सचिव जेव्हा म्हणाले, "आमची रीत तुम्हाला सांगायला हवी," तेव्हा बाई म्हणाल्या, "पाठ आहे मला."

रीत अशी. मानद सदस्याने मंचावर उभं राहायचं. माइक बंद करायचा. सदस्याने स्वतःचं एकच वाक्य बोलायचं. सभागृहातल्या शेवटच्या खुर्चीवर सदस्याच्याच पसंतीचं एक माणूस बसवायचं. वाक्य पोचलं, तर त्या माणसाने हात वर करायचा. हात वर झाला की अध्यक्ष सदस्याच्या छातीवर संघटनेचा बिल्ला लावतात. चांदीचं, उघडं, इवलंसं तोंड. हात वर झाला नाही, तरी सदस्यत्व मिळतंच. बिल्ला तेवढा पाकिटात घालून हातात देतात. कुणी काही बोलत नाही. पण पाकीटवाले पुढच्या सभेला सहसा येत नाहीत.

"शेवटच्या खुर्चीत कुणाला बसवू?" सचिवांनी विचारलं.

आनंदात माणूस श्वास घ्यायला विसरतो, तसा विचार करायलाही.

"माझ्या सासूबाईंना!" बाई गरजल्या. "नव्वदीला टेकल्यात. एक कान गेलाय, दुसरा वाटेत आहे. बसवा त्यांना! त्यांच्यापर्यंत पोचलं म्हणजे मागच्या भिंतीपर्यंत पोचलं."

वकिलाने हळूच म्हटलं, "बाई, हे जरा..."

"तुम्ही आडवे व्हा," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी दिवसभर काय केलं ते गावाला माहीत आहे. आधी फटीला तोंड लावून लाँड्रीवाल्याला सांगितलं. खाली सगळी यंत्रं घरघरत होती, म्हणून तीनदा सांगितलं. मग धावत नवऱ्याच्या दुकानात गेल्या. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून तो एका चाकात शिरलेला होता.

"अहो, मानद सदस्य झाले मी!"

"छान," घड्याळवाले म्हणाले. मान वर न करता.

"नुसतं छान?"

"फार छान."

या माणसाला चावी द्यायची कुठून, हे बाईंना इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. त्या तशाच डेपोत गेल्या. जुन्या फलाटावर उभ्या राहिल्या. यंत्रातली मंजुळ बाई कुठलीतरी गाडी पुकारत होती. बाईंनी कमरेवर हात ठेवले.

"लक्ष द्या! लाँड्रीवरून सुटणारी, पदविका न घेता, दोन नकार मार्गे, मानद सदस्यत्वाकडे जाणारी गाडी फलाटावर येत आहे! प्रवाशांनी टाळ्या वाजवाव्यात!"

प्रवाशांनी वाजवल्या. एका जुन्या ड्रायव्हरने आवाज ओळखला आणि हॉर्न दाबून धरला. मग दुसऱ्याने दाबला. बाई हॉर्नच्याही वर चढल्या. एक कुटुंब घाईघाईत चुकीच्या गाडीत बसलं, त्यांना उतरवायला बाईंनी आणखी ओरडा केला. घरी येऊन दूरगावच्या थोरल्या भावाला फोन लावला. लाइन खराब होती. "भोंगा, अगं, फोनशिवायच येतंय ऐकू," भाऊ म्हणाला. त्या हसल्या. खूप हसल्या.

सकाळी त्यांनी "अहो, चहा" म्हणायला तोंड उघडलं. बाहेर नुसती हवा आली.

घशाचे डॉक्टर बाईंचेच जुने विद्यार्थी. पूर्वी ते असे पुटपुटायचे की पेशंट औषधाच्या दुकानात जाऊन आपला आजार विचारायचे. त्यांनी आरशाने घसा पाहिला आणि मान हलवली.

"स्वरतंतू चांगलेच सुजलेत. बोलणं बंद. कुजबुजणंही बंद, त्याने ताण वाढतो. हे मला कुणी शिकवलं होतं बरं?"

बाईंनी डोळे वटारले.

"आणि भिंतीवर काय लिहिलंय हो तुमच्या?"

बाईंनी पर्स उचलली.

"सभेत बोलता येईल का?" घड्याळवाल्यांनी विचारलं. सभा पुढच्याच आठवड्यात होती.

"आलं तर एखादं वाक्य. नाही तर तेही नाही."

घरात जी शांतता पसरली, तिची कुणालाच सवय नव्हती. लाँड्रीवाला जिना चढून वर आला. "बाई, बऱ्या आहात ना? छत इतकं गप्प आहे की माझ्या इस्त्रीची घडी चुकतेय." अभिनंदनाचे फोन घड्याळवाले घेऊ लागले. "हो. हो. तिला आनंद झालाय. त्यामुळेच. हो." दुपारपर्यंत त्यांची वर्षभराची बोलायची शिल्लक संपली. क्लासात बाई हातवारे करायच्या. वकिलाचं वाक्य पहिल्यांदाच एका दमात पूर्ण झालं, कारण मध्ये टोकायला कुणी नव्हतं. बाईंना याचा राग आला, पण तोही काढता येईना.

सगळ्यात वाईट म्हणजे नवऱ्याला काही सांगता येईना. बाई एकेक शब्द ओठांवर असा उघडून धरायच्या, जसं दुकानदार कापडाचं ठाण उलगडतो. घड्याळवाले चेहऱ्याकडे बघून गोंधळायचे. "भूक लागलीय? दात दुखतोय?" लग्नाला तीस वर्षं झाली होती. तेवढी वर्षं त्यांनी बायकोचं सगळं ऐकलं होतं, पण मान खाली घालून, भिंगातून चाकं बघत. "तुझ्या तोंडाकडे बघायची कधी गरजच पडली नाही गं," ते म्हणाले. बाईंनी कपाळावर हात मारला. तेवढं त्यांना कळलं.

शेवटी सचिवांचा फोन आला. बातमी त्यांच्यापर्यंत गेली होती. "पुढच्या वर्षी ठेवू या का? रीत थांबेल वर्षभर."

घड्याळवाल्यांनी फोनवर हात ठेवून विचारलं, "पुढच्या वर्षी चालेल का म्हणतायत."

बाई स्वयंपाकघराच्या दारात होत्या. त्यांनी जोरजोरात मान हलवली आणि ओठांनी म्हटलं, "पुढच्या वर्षी सासूबाई असतील की नसतील!"

"काय?" घड्याळवाले म्हणाले.

खिडकीपाशी सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. "असेन की!" त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "मला काय धाड भरलीय?"

दोघं जागच्या जागी थिजले. फोनमध्ये सचिव "हॅलो, हॅलो" करत राहिले.

"आई," घड्याळवाले जवळ जाऊन म्हणाले, "तुला ऐकू आलं?"

"न यायला काय झालं? तुझी बायको किती सुटं सुटं बोलते. तुझंच काही कळत नाही. मिशीत बोलतोस."

बाईंनी पातेल्याचं झाकण उचलून सासूबाईंच्या मागे आपटलं. मांजर उडालं. सासूबाईंनी शांतपणे पुढची शेंग घेतली. बाई समोर आल्या आणि ओठ हलवले, "दिसतं कसं हल्ली?"

"मोतीबिंदू काढल्यापासून समोरच्या गच्चीवरचे चिमटेसुद्धा दिसतात. एक तुटलाय."

दुसराही कान केव्हाच गेला होता. कधी गेला ते खुद्द सासूबाईंनाही माहीत नव्हतं. सुनेच्या तोंडाकडे बघत त्या इतकी वर्षं सगळं ऐकत होत्या आणि सुनेचा आवाज गेलाय याचा त्यांना पत्ताच नव्हता. बाई मटारच्या टोपलीशेजारी बसल्या. "सासूबाई, जेवायला चला" असं त्या रोज ओरडायच्या, तेव्हा अख्खी गल्ली जेवायला बसायची. आणि हे सगळं ओरडणं गल्लीसाठीच होतं तर.

घड्याळवाले अचानक हसायला लागले. "मग झालंच की काम! तू नुसते ओठ हलव. आई हात वर करेल. बिल्ला आपला!"

बाईंनी सासूबाईंकडे बघून ओठ हलवले. सासूबाईंनी मुलाकडे बघितलं.

"ती म्हणते, ही चोरी आहे. आवाज गेला असला, तरी आवाजवाल्यांचा बिल्ला आवाजानेच घेईन, नाही तर पाकिटातला घेऊन येईन." मग त्यांनी शेंग खाली ठेवली. "आणि कसली चोरी, ते मलाही सांगाल का कुणी? आणि तिचा आवाज कुठे गेलाय?"

बाईंनी सगळं सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि बजावलं, "हे बघ, मला खोटं जमत नाही. ऐकू आलं तर हात वर करीन. नाही आलं, तर सून म्हणून करणार नाही." आपल्याला ऐकू येत नाही, हे त्यांनी अजूनही मानलं नव्हतं.

वाक्य तयार होतं. वकिलाने बसून घडवलं होतं. आवाज हा माणसाचा पहिला आणि अखेरचा दागिना आहे. बाईंना ते फार आवडलं होतं. सभेच्या दिवशी सकाळी त्यांनी न्हाणीघरात ओठ मिटून हळूच "म्" म्हणून पाहिलं. एक बारीक, भुंग्यासारखा आवाज निघाला. बाईंनी आरशातल्या स्वतःला मिठी मारायचा प्रयत्न केला. नंतर दिवसभर त्या आवाज डब्यात बंद करून ठेवल्यासारख्या गप्प राहिल्या. निघताना इतकी धांदल झाली की एकाच पायात दोन मोजे गेले.

सभागृह गच्च भरलं होतं. बाईंनी ते आतून पहिल्यांदाच पाहिलं. सगळे पाठ ताठ ठेवून बसले होते, धंदाच तसा. एकमेकांना "नमस्कार" म्हणत होते तेसुद्धा पोटातून. लांब, अगदी दारापाशी, शेवटच्या खुर्चीत सासूबाई शाल पांघरून बसल्या होत्या. मंचावरून त्या मुठीएवढ्या दिसत होत्या. घड्याळवाले पहिल्या रांगेत होते. भिंग खिशात होतं.

अध्यक्षांनी चार शब्द बोलून माइक बंद केला. खट्. त्यांच्या एका हातात बिल्ला होता. टेबलावर पाकीटही होतं, जरा आडोशाला.

बाई पुढे आल्या. श्वास घेतला. तो पोटापर्यंत गेला, न दिसणारी इस्त्री वर उचलली गेली. त्यांनी तोंड उघडलं.

"आवा..." एवढंच निघालं. पुढे हवा.

त्यांनी पुन्हा श्वास घेतला. या वेळी नुसतीच हवा. सचिवांनी डोळे मिटून घेतले. कुणीतरी खोकलं आणि शेजाऱ्याने त्याला कोपर मारलं. अध्यक्षांचा हात नकळत पाकिटाकडे सरकला. बाईंना दिसलं ते.

त्यांनी शेवटच्या खुर्चीकडे पाहिलं. सासूबाई पुढे वाकून बघत होत्या. खिडकीपाशी बसून रोज बघायच्या तशाच. आणि तो चेहरा बघताच बाईंच्या डोक्यातून दागिना गेला, संघटना गेली, अध्यक्ष गेले. निघताना गॅसवर दूध होतं, एवढंच राहिलं. रोजच्या सवयीने त्यांचे ओठ हलले. आवाज काही नव्हता.

सभागृहाच्या त्या टोकाकडून गर्जना आली.

"केलाय गं बंद! दूधही झाकलंय! कितीदा विचारशील?"

आणि हात वर.

सगळ्या माना एकदम मागे वळल्या. तिथून तो आवाज मंचापर्यंत आला आणि वर पडद्यालाही हलवून गेला असं नंतर लोक सांगत. अध्यक्ष पाकीट हातात घेऊनच पायऱ्या उतरून अर्ध्या वाटेपर्यंत गेले.

"आजी, तुम्हाला काय ऐकू आलं?"

सासूबाईंनी त्यांच्या दाढीकडे बघून तोंड वाकडं केलं. "तुमचं नाही हो कळत मला. जरा नीट बोलायला शिका कुठेतरी."

संघटनेच्या इतिहासात अध्यक्षांना असं कुणी बोललं नव्हतं. पहिली रांग हसायला लागली. हसू मागे मागे पसरत गेलं.

सचिव उठून सासूबाईंपाशी गेले आणि चेहरा समोर धरून, एकेक अक्षर सुटं करून तोच प्रश्न विचारला.

"ती विचारत होती, गॅस बंद केला का. त्यात एवढं हसण्यासारखं काय आहे?"

मंचावर बाई दोन्ही हात हलवत होत्या, नको नको म्हणून. ओठ भराभर चालले होते. कुणाला काही कळेना. मग पहिल्या रांगेत घड्याळवाले उभे राहिले. ते बायकोच्या तोंडाकडे टक लावून बघत होते, सगळ्यात बारीक चाकाकडे बघावं तसे.

"ती म्हणतेय," ते सावकाश म्हणाले, "यात आवाज नव्हता. त्यामुळे बिल्ला... पाकिटातच द्या. आणि..." ते थांबले. "आणि मला म्हणतेय, अहो, तुम्हाला कळलं?"

बाईंचे ओठ मिटले. डोळे भरले.

मग जो वाद झाला! रीत आवाजाची की पोचण्याची? मूळ रीतीत काय म्हटलंय? वाक्य पोचलं तर हात. "आवाज हा शब्द त्यात आहे का?" "आवाज गृहीत धरलाय!" "मी तर गृहीत धरला नव्हता!" प्रत्येक जण पोटातून बोलत होता आणि प्रत्येकाचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत जात होता. तिथे बसलेल्या म्हातारीला त्यातलं अक्षरही ऐकू येत नव्हतं. तिचा हात अजून वरच होता.

"अहो, हात खाली घेऊ का?" सासूबाई ओरडल्या. "दुखायला लागला!"

अध्यक्षांनी एकदा पाकिटाकडे पाहिलं, एकदा त्या हाताकडे. पाकीट त्यांनी चुरगाळून खिशात टाकलं. "घ्या, आजी," ते म्हणाले, आणि दाढी बाजूला धरून म्हणाले, म्हणजे ओठ दिसावेत. मग मंचावर येऊन त्यांनी ते उघडं चांदीचं तोंड बाईंच्या छातीवर लावलं.

बाईंनी बिल्ल्याकडे पाहिलं. सासूबाईंकडे पाहिलं. नवऱ्याकडे पाहिलं. आणि त्यांचा चेहरा फुलायला लागला. खांदे वर गेले. छाती भरली. श्वास खाली न जाता वरच अडकला. हे पुढे काय होणार, ते त्या सभागृहातल्या एकूण एक माणसाला धंद्यामुळे कळलं. डेपोची गोष्ट सगळ्यांनी ऐकली होती.

"बाई, नकोऽऽऽ!" अख्खी संघटना एका सुरात ओरडली.

बाईंनी दचकून तोंड मिटलं. आवाज वाचला.

दुसऱ्या दिवशी लाँड्रीवरच्या क्लासचा जिना माणसांनी भरून गेला होता. सचिव होते, अध्यक्ष होते, निम्मी संघटना होती. सगळ्यांचे घसे बसलेले. कुणी कुजबुजलं की बाई छातीवरच्या बिल्ल्यावर बोट ठेवायच्या आणि मग भिंतीकडे दाखवायच्या. खालून भरपूर वाफ येत होती. जमिनीवर सगळे ओळीने आडवे झाले, आणि लाँड्रीवाला वर येऊन म्हणाला, इस्त्र्या कमी पडताहेत, माझ्या दोन देऊ का?